फ्लॅश बंद करा!

परवा वस्तीतला एक पोरगा आमच्याकडं आला. वय अठरा-एकोणीस. गळ्यात सेकंडहँड कॅमेरा, कुरियरच्या पिशव्या वाहून जमवलेल्या पैशांतून घेतलेला. चौदा एप्रिलच्या रात्रीच्या गाण्याच्या कार्यक्रमाचे फोटो घेऊन आला होता. म्हणाला, "दादा, अंकात छापा."

आम्ही बघितले. दोनशेच्या वर फोटो. मंडप, निळं कापड, बाबासाहेबांची तसबीर, पेटी, ढोलकी, कोरसच्या बाया. आणि एक चेहरा धड नाही. निम्मे फोटो हललेले. उरलेल्यांत फ्लॅश मारलेला. गाणाऱ्या मावशीचं तोंड पिठात बुडवल्यासारखं पांढरंफटक, कपाळ चकाकतंय, डोळे मिटलेले आणि मागं सगळा काळाकुट्ट खड्डा. जणू मावशी वस्तीत गात नाही, विहिरीत गातीय.

"असं कसं झालं रे?"

"दादा, अंधार लई होता."

आम्ही त्याच्यावर चिडलो नाही. आमच्यातल्या ज्यांनी ज्यांनी कॅमेरा हातात धरला, त्या सगळ्यांनी पहिल्या रात्री हीच माती खाल्लीय. पण ते वाक्य डोक्यातनं जाईना. अंधार लई होता! अरे, अंधार कधी नव्हता?

मित्रांनो, आपलं गाणं रात्रीचंच आहे. दिवसा गायला सवड कुणाला होती? दिवस गिरणीचा, गोदीचा, बिगारीचा, गटारीचा. जलसे, शाहिरी, भीमगीतांचे सामने, सगळं दिवेलागणीनंतर. आधी कंदील, मग गॅसबत्ती, मग कुणाच्या तरी खोलीतनं ओढलेल्या वायरीवरचा एक बल्ब. आता एलईडी आलेत. पण बांबूचा मंडप तोच, आणि दहा वाजले की घड्याळ दाखवणारा पोलीसही तोच. ह्याच अपुऱ्या उजेडात भीमराव कर्डक गायले, वामनदादा गायले, प्रल्हाद शिंदे गायले. ऐकणाऱ्यानं अंधाराची तक्रार केली नाही. तक्रार करतोय तो कॅमेरा. आणि आपण मुकाट त्याचं ऐकतोय.

घरी जा आणि पत्र्याची पेटी उघडा. आज्याचा फोटो आहे? असला तर कुठल्यातरी कार्डासाठी काढलेला, नाहीतर कुणाच्या लग्नात कोपऱ्यात उभा. आजा गाताना, गळ्याच्या शिरा ताठ, एक हात कानाशी, असा फोटो आहे? नाही. गाणं अख्ख्या वस्तीला पाठ आहे, पण गाणाऱ्याचं तोंड नातवाला ठाऊक नाही.

पेशवाईत सवर्ण समोरनं आला तर अस्पृश्यानं रस्ता सोडायचा, का तर सावली पडून तो बाटेल. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये हे नोंदवून ठेवलंय. ज्यांच्या सावलीलाही रस्त्यावर मज्जाव होता, त्यांची पोरं आज उजेड-सावलीचं यंत्र गळ्यात घालून फिरतायत. ही लहान गोष्ट नाही. पण यंत्र गळ्यात आलं म्हणजे हातात आलं असं होत नाही.

१९९७ च्या ११ जुलैला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. लोक जमले. पोलिसांनी गोळीबार केला. दहा जण गेले. काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी जीव दिला. आज ते आपल्याला दिसतात, ऐकू येतात, ते आनंद पटवर्धनांच्या कॅमेऱ्यामुळं. आधी १९८५ च्या 'हमारा शहर'मध्ये, नंतर चौदा वर्षं खपून २०११ साली पुऱ्या झालेल्या 'जय भीम कॉम्रेड'मध्ये. एक कॅमेरा वेळेवर तिथं होता म्हणून एक शाहीर राहिला. ज्यांच्या वाट्याला कॅमेरा आलाच नाही, ते शाहीर कुठं आहेत?

विठ्ठल उमप २०१० च्या नोव्हेंबरात नागपूरच्या दीक्षाभूमीवर मंचावरच कोसळले आणि गेले. कलावंत तारीख सांगून जात नाही. पुढच्या जयंतीला नीट काढू, असं म्हणणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं.

तर पहिली गोष्ट, फ्लॅश बंद करा. का ते समजून घ्या, नुसतं आम्ही सांगतो म्हणून नको. उजेडाचा एक नियम आहे. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. म्हणजे फ्लॅश दोन मीटरवरच्या मावशीला भाजून काढतो आणि चार मीटरवरच्या ढोलकीवाल्यापर्यंत त्यातला चौथा हिस्सा पोचतो. त्याच्या मागच्या कोरसला काहीच नाही. वस्ती तर पार गायब. एकाला झगमगाट आणि बाकीच्यांना काळोख! ही वाटणी आपल्या ओळखीची आहे. शिवाय चार तास गाणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत दर मिनिटाला वीज मारायची, ही कुठली रीत? गाणाऱ्याची लय तुटली तर तुमच्या फोटोचं लोणचं घालायचंय?

दुसरी गोष्ट. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर बिनडोक आहे. त्याला वाटतं अख्खं जग मध्यम करड्या रंगाचं आहे. समोर जे दिसेल त्याची गोळाबेरीज करून ते करड्यावर आणून ठेवतं. मागं काळोख असला की ते घाबरून उजेड वाढवतं आणि चेहरा फटफटीत होतो. मागं पांढरा फ्लेक्स आणि माळा असल्या की ते उजेड कापतं आणि गाणाऱ्याचा कोळसा होतो. त्याला माणूस कळत नाही. सरासरी कळते. सरासरीत आपण कधीच नव्हतो.

आणि हे निव्वळ यंत्राचं अज्ञान आहे असंही नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कोडॅक कंपनी फोटो छापणाऱ्या लॅबना एक नमुन्याचं कार्ड पाठवायची. त्यावर एक गोरी बाई. 'शर्ली कार्ड' म्हणायचे त्याला. तिची कातडी बरोबर छापली गेली की रंग बरोबर, असा हिशोब. काळ्या माणसांचे चेहरे त्या फिल्मवर चिखल होत होते, ह्याची कुणाला फिकीर नव्हती. फिल्म सुधारायला धक्का कुणी दिला? चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्या कंपन्यांनी! त्यांच्या जाहिरातींत चॉकलेटचे तपकिरी रंग, लाकडाच्या रेषा वेगळ्या दिसेनात, म्हणून त्यांनी बोंब मारली. माणसाच्या कातडीसाठी जे झालं नाही, ते टेबल-खुर्चीसाठी झालं. वेगवेगळ्या वर्णांच्या बाया एका कार्डावर यायला १९९० चं दशक उजाडावं लागलं.

म्हणून ह्या अंधारातनं वाट काढलेल्या एका माणसाचं नाव प्रत्येकानं पाठ करावं. रॉय डिकराव्हा. १९१९ साली न्यू यॉर्कच्या हार्लेममध्ये जन्मलेला काळा फोटोग्राफर. १९५२ साली गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली, ती मिळवणारा पहिला काळा छायाचित्रकार. त्या जोरावर त्यानं आपलीच वस्ती टिपली आणि १९५५ साली कवी लँगस्टन ह्यूजबरोबर तिचं पुस्तक केलं. मग जाझच्या क्लबांत शिरला. जॉन कोल्ट्रेन, बिली हॉलिडे ह्यांचे फोटो काढले. क्लबात उजेड नावालाच. ह्या गड्यानं फ्लॅश वापरला नाही. आहे तेवढ्याच उजेडात काढलं. काही फोटो हललेले आहेत, आणि ते हललेपण त्या वाजवण्याचंच वाटतं. छापताना त्यानं काळ्या चेहऱ्याला गोरं केलं नाही. काळोखात काळा चेहरा, आणि त्या काळ्यातही दहा छटा. आपल्याला थांबून बघावं लागतं, मग हळूहळू माणूस दिसायला लागतो. जाझच्या ह्या फोटोंचं 'द साउंड आय सॉ' हे पुस्तक त्यानं साठच्या दशकाच्या सुरुवातीला जुळवलं. छापून आलं २००१ साली. चाळीस वर्षं थांबला. २००९ साली गेला.

१९६६ साली ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर उभी राहिली. सहा वर्षांनी, १९७२ ला, मुंबईत दलित पँथर. नाव आपण तिथनं घेतलं हे जगजाहीर आहे. मग अंधारात कॅमेरा कसा धरायचा, हेही तिथनं घ्यायला काय हरकत आहे?

आता कामाचं बोलू. ज्याला हे नवं आहे त्यानं वहीत लिहून घ्यावं.

कॅमेऱ्याबरोबर जी झूम लेन्स येते ती ओढली की तिचं छिद्र ५.६ वर येतं. ती रात्रीची नाही. पन्नास एमएमची १.८ ची लेन्स शोधा. बहुतेक कंपन्यांची ती सगळ्यात स्वस्त लेन्स असते, जुनीही चालते. ५.६ पेक्षा १.८ वर जवळजवळ दहापट उजेड आत येतो. दहापट! झूम होत नाही, मग पाय कशाला दिलेत? पुढं व्हा, मागं व्हा.

कॅमेरा 'एम' वर टाका. मीटरची गुलामी संपली. छिद्र १.८ किंवा २. आयएसओ ३२०० पासून सुरू करा, लागला तर ६४००. फोटोत दाणे येतील. येऊ द्यात. दाणेदार फोटोत माणूस दिसतो, हललेल्या फोटोत दिसत नाही.

शटर १/१०० ठेवा. का? आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास फेऱ्या मारते, त्यामुळं ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर १/२५० किंवा १/५०० केलं की फोटोवर आडवे पट्टे उमटतात आणि पोरं म्हणतात कॅमेरा बिघडला. बिघडलेला नाही, वीज दिसतीय. हॅलोजन असेल तर १/२०० पर्यंत बिनधास्त जा. ढोलकीवाल्याचे हात १/१०० ला हलणारच. हलू द्यात. चेहरा स्थिर आणि हाताचा धुरळा, म्हणजे ढोलकी वाजतीय हे दिसलं.

एक फोटो काढा आणि गाणाऱ्याच्या कपाळाकडं बघा. कपाळ, गाल, नाकाचा शेंडा पांढरा जळला असेल तर आयएसओ उतरवा. जळलेली कातडी नंतर कुणाच्या बापाला परत आणता येत नाही. मागचा पडदा काळा पडला तर पडू द्या. फोटो 'रॉ'मध्ये साठवा, म्हणजे घरी बसून पिवळा-निळा रंग दुरुस्त करता येतो. स्टेजवर नुसता लाल किंवा नुसता निळा लाइट मारला असेल तर चेहऱ्याचा तपशील बुडतो. थांबा. पांढरा लाइट फिरून येतोच. नाही आला तर तो फोटो काळा-पांढरा करा.

फोकस डोळ्यावर. १.८ वर दोन मीटरवरनं काढलं तर डोळा स्वच्छ आणि कान धूसर असा प्रकार होतो. अंधारात कॅमेरा फोकससाठी चाचपडत राहतो, तेव्हा चेहऱ्याच्या कडेवर, जिथं उजेड आणि सावली भेटतात, तिथं धरा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कॅमेऱ्याच्या पुस्तकात सापडणार नाही. गाणं ऐका. समोरनं काढलं तर माइक तोंड झाकतो, म्हणून एका बाजूला, थोडं खाली बसा. गाणारा ओळ टाकतो, कोरस ती उचलतो. त्या क्षणी गाणारा माइकपासून मागं सरतो, मान वर करतो, श्वास घेतो. अर्धा सेकंद माणूस जागच्या जागी थांबलेला असतो. तुमचा फोटो तिथं आहे. पण तो यायच्या आधी तुम्हाला माहीत पाहिजे, आणि ते गाणं पाठ असणाऱ्यालाच माहीत असतं. इथं प्रस्थापित पेपरचा महागडा फोटोग्राफर मार खातो आणि वस्तीचा पोरगा जिंकतो. तो धृपद ऐकत वाढलाय. कुठल्या कडव्यावर बाया उठून उभ्या राहतात, कुठं पोरं शिट्ट्या मारतात, कुठं म्हातारे डोळे पुसतात, हे त्याच्या अंगात आहे. हे भांडवल कुठल्या दुकानात मिळत नाही.

कॅमेरा नाही? मोबाइल आहे ना. कडूबाई खरात ह्यांचा आवाज एकतारीसकट घराघरांत पोचला तो मोबाइलवरच्या व्हिडिओंनीच. फक्त दोन गोष्टी करा. 'नाइट मोड' बंद. तो एकावर एक अनेक फोटो रचतो आणि हलत्या माणसाचं भूत करतो. चेहऱ्यावर बोट दाबून ठेवा, उजेड तिथं बांधा, थोडा खाली ओढा. कोपर खांबाला टेकवा. आणि ते 'ब्युटी'चं बटन आधी मारून टाका. कॅमेरा न विचारता मावशीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसतो, रंग उजळतो. कुणी सांगितलं ह्याला, की आमचा रंग उजळायचा आहे म्हणून? शर्ली मेली नाही, पोरांनो. ती आपल्या खिशात येऊन बसलीय.

एक सावधगिरीचीही गोष्ट. २०२० साली एल्गार परिषदेच्या खटल्यात कबीर कला मंचाच्या तिघा कलावंतांना अटक झाली. गाणं म्हणणाऱ्याकडं सत्ता टक लावून बघते, हे आपण विसरायचं नाही. तुम्ही काढलेला फोटो तुमच्या हातातनं सुटला की कुठल्या फायलीत जाऊन बसेल ह्याचा भरवसा नाही. म्हणून आधी विचारा. "आक्का, फोटो काढू का? काढला तर कुठं टाकू, कुठं नको?" नको म्हणाली तर कॅमेरा खाली. ह्याला भित्रेपणा म्हणत नाहीत. पोलीस विचारत नाही आणि आपण विचारतो, एवढा फरक तरी राहू द्या. स्टेजवरचा गाणारा समोर येऊनच गातो, पण गर्दीतल्या बाईचा, पोराचा चेहरा टाकताना दहादा विचार करा.

फोटो निवडताना बायांना, पेटीवाल्याला, झांजवाल्याला वगळू नका. आपल्याकडंही एक खोड आहे. मुख्य गायकाचे पन्नास, पाहुण्या पुढाऱ्याचे शंभर आणि कोरसचा एक नाही. पुढारी हार घालून दहा मिनिटांत गाडीत बसतो. कोरस रात्रभर उभा असतो. पुढाऱ्याचे फोटो काढायला माणसं भाड्यानं मिळतात, तुम्ही त्यात पडू नका.

आणि फोटोखाली नावं लिहा. तारीख लिहा, वस्ती लिहा, कुठलं गाणं चाललं होतं ते लिहा. नाव नसलेला फोटो पन्नास वर्षांनी 'एक लोककलावंत' म्हणून कुणाच्या तरी दिवाणखान्यात टांगला जातो. एक प्रत त्या कलावंताच्या घरी छापून द्या, कागदावर. मोबाइल हरवतो, फुटतो, पत्र्याची पेटी टिकते.

तो पोरगा? त्याला आम्ही पुढच्या रविवारी तालमीला पाठवला. खोलीत एक ट्यूब. फ्लॅश बंद, १/१००, आयएसओ ३२००. तीस फोटो काढले, त्यातला एक जमला. मावशीची मान वर, गळ्याची शीर ताठ, रंग जसा आहे तसा, सावळा आणि घामानं भिजलेला. शेजारी पेटीवालीचा अर्धा चेहरा, मागं ढोलकीवर हाताचा धुरळा. छापून मावशीला नेऊन दिला. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "गोरी न्हाई केलीस, बरं झालं. पर हिचं नाव का न्हाई टाकलं खाली? ती बी गातीय की."

नाव टाकलं. दोघींचं आणि ढोलकीवाल्याचंही.

पोरांनो, सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर रात्रभर गाणी होतील. चौदा एप्रिलला गल्लीगल्लीत होतील. वस्तीवस्तीतनं एकेक पोरगा, एकेक पोरगी कॅमेरा घेऊन खाली बसा. अंधार लई आहे, हे आम्हालाही ठाऊक आहे. फ्लॅश बंद करा आणि डोळे उघडे ठेवा.

जय भीम!